ठेवीचा रोजचा पुरावा

श्रावकाच्या सत्याणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांतील दोन थेट पेढीवरचे आहेत. एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. आणि दुसरा न्यासापहार, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या ठेवीत घट करणे. न्यासापहाराचा टीकाकारांनी केलेला खुलासा मोठा सूक्ष्म आहे. ठेव ठेवणारा आपण किती ठेवले होते हे विसरला, परत मागताना त्याने कमी आकडा सांगितला, आणि सांभाळणारा 'बरोबर, तेवढेच होते' असे म्हणाला, तर तोही न्यासापहारच. तिजोरी फुटली नाही, कुलूप हलले नाही. केवळ एक होकार दिला गेला. म्हणूनच हा दोष चोरीच्या नव्हे, तर असत्याच्या प्रकरणात मोजला आहे.

२०२३ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत देशोदेशीचे संगणक-तरुण सुमारे तीन आठवडे ज्या प्रश्नावर खपत होते, तो प्रश्न मुळात हाच होता. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ही दोन नावे कधी ऐकली नसतील, एवढेच. 'स्पेस वॉर्प' नावाची ती ऑनलाइन हॅकेथॉन होती. इथग्लोबल ही अशा स्पर्धा भरवणारी संस्था, आणि ज्यावर काम करायचे ते जाळे फाइलकॉइनचे. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये 'हॅक एफईव्हीएम' या नावाने तिची पहिली फेरी होऊन गेली होती. दुसऱ्याची माहिती सांभाळण्याचे काम कोण्या एका कंपनीच्या हाती न देता अनेक अनोळखी कोठीदारांकडे सोपवायचे, आणि त्यांनी ती खरोखर सांभाळली की नाही यावर नजर ठेवणारा, भाडे चुकते करणारा, मुदत संपताच ती वाढवणारा करार संगणकाच्या भाषेत लिहायचा, असे या स्पर्धेचे थोडक्यात स्वरूप.

व्यापारी घरांतून अलीकडे हा विषय वेगळ्याच वाटेने पोहोचतो. अभियांत्रिकीला असलेला मुलगा किंवा मुलगी दोन रात्री जागते, बक्षीस डॉलरमध्ये किंवा कुठल्याशा नाण्यात मिळणार असे सांगते, आणि वडीलधाऱ्यांच्या मनात पहिला शब्द येतो तो सट्टा. शंका निराधार नाही. या क्षेत्राच्या अंगणातच सट्ट्याचा बाजार भरतो. परंतु अंगणातला बाजार म्हणजे घर नव्हे, आणि घरात काय चालले आहे हे समजून घेतल्यावाचून मुलांना हो म्हणणे जितके चुकीचे, तितकेच नाही म्हणणेही.

बयाणा भरून मांडलेली स्पर्धा

हॅकेथॉन या शब्दातील 'हॅक' म्हणजे कोणाच्या संगणकात शिरून केलेली लबाडी नव्हे. मर्यादित वेळेत, हाती असेल त्या साधनांनी चालती वस्तू उभी करणे, हा त्याचा अर्थ. जून १९९९ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे ओपनबीएसडी या संगणकप्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र बसले, तेथून हा शब्द रूढ झाला. इथग्लोबलच्या स्पर्धेत एका गटात जास्तीत जास्त पाच जण असतात. काम स्पर्धेच्या काळातच, शून्यापासून सुरू करायचे. आधी तयार केलेली वस्तू नव्या वेष्टनात आणायची नाही. लिहिलेला सारा मजकूर सर्वांना पाहता येईल असा उघडा ठेवायचा, आणि शेवटी दोन ते चार मिनिटांच्या चित्रफितीत ती वस्तू चालवून दाखवायची.

नाव नोंदवताना प्रत्येकाला इथर या नाण्यात थोडीशी रक्कम अडकवून ठेवावी लागते. काम सादर केले की ती परत मिळते. मध्येच सोडून दिले की जाते. बयाण्याची ही रीत कोणाही आडत्याला समजावून सांगावी लागणार नाही. हौशे-गवशे आपोआप गळतात.

अशा स्पर्धांतून निघालेल्या बहुतेक वस्तू पुढे टिकत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काहींचे नाव होते ते भलत्याच कारणाने. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील इथग्लोबलच्याच मेळाव्यात 'क्रिप्टोकिटीज' नावाचा, संगणकी मांजरे विकत घेण्याचा खेळ प्रथम दाखवला गेला. डिसेंबरात त्या मांजरांच्या खरेदी-विक्रीने इथेरियमचे सारे जाळे तुंबले. तंत्रज्ञ त्यातून जाळ्याची क्षमता वाढवण्याचा धडा शिकले. मांजरांचे भाव मात्र बहुतेकांच्या गळ्यात राहिले.

कोठीदाराची रोजची हजेरी

फाइलकॉइन समजून घ्यायला दोनच गोष्टी पुरतात : ठसा आणि पुरावा.

कोणतीही संगणकीय वस्तू घ्यावी. खतावणीचे छायाचित्र असो, खरेदीखत असो वा हस्तलिखिताचे पान. तिच्यावर एक गणिती क्रिया केली की ठरावीक लांबीची अक्षरांची एक ओळ मिळते. हा त्या वस्तूचा ठसा. मूळ मजकुरात एका अनुस्वाराचाही फरक झाला तरी ठसा पूर्णपणे बदलतो, आणि ठशावरून मूळ मजकूर मात्र कोणालाही उलगडता येत नाही. या जाळ्यावर वस्तू मागवायची ती कोणत्या संगणकावर आहे या पत्त्याने नव्हे, तर या ठशाने. मिळालेली वस्तू ठशाशी ताडून पाहिली की कूटलेख तेथेच उघडा पडतो. भारतातील कायद्यानेही ही रीत आता मान्य केली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात त्या नोंदीचा ठसा, म्हणजे हॅश-मूल्य, नमूद करावे लागते. ज्यांच्या हिशेबाच्या वह्या संगणकात गेल्या आहेत अशा प्रत्येक पेढीने ही गोष्ट आपल्या वकिलाकडून समजून घेण्यासारखी आहे.

ठसा कूटलेखाला पकडतो; न्यासापहाराला नाही. कोठीदाराने वस्तू फेकून दिली आणि भाडे घेत राहिला तर? एकच प्रत ठेवून तीन प्रतींचे भाडे उकळले तर? येथे फाइलकॉइनचे खरे वैशिष्ट्य आहे. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या या जाळ्यात साठवणाऱ्याला आधी स्वतःचे नाणे तारण म्हणून अडकवावे लागते. मग प्रत्येक प्रत त्याच्यापुरत्या वेगळ्या रीतीने मोहोरबंद करावी लागते, त्यामुळे एक प्रत दाखवून तीन ठेवल्याचे सोंग आणता येत नाही. आणि त्यानंतर दर २४ तासांनी, प्रत्येक मोहोरबंद कोठीबद्दल, ती अजून आपल्याकडे शाबूत आहे याचा गणिती पुरावा द्यावा लागतो. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ भाग पाडून ही हजेरी घेतली जाते. पुरावा चुकला की दंड, आणि कोठी अर्ध्यात सोडली की तारणातून वजावट. ठेवणारा विसरला असेल, आजारी असेल, हयात नसेल. हजेरी चुकत नाही. 'तेवढेच होते' असे म्हणण्याची सोयच कोठीदाराला उरत नाही.

ग्रंथभांडारांच्या परंपरेत हजेरीची ही कल्पना नवी नाही. दिगंबर समाजात श्रुतपंचमीला आणि श्वेतांबर समाजात ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढून, धूळ झटकून, वेष्टने बदलून पुन्हा ठेवण्याची चाल त्यासाठीच पडली. पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी भांडाराचे दार उघडते आणि वाळवी, ओल, गळती दृष्टीस पडते.

जेथे प्रतच एक असते तेथे मात्र वर्षातून एकदाची पाहणीही अपुरी ठरते. धवला, जयधवला आणि महाबंध या सिद्धान्तग्रंथांची ताडपत्रे शतकानुशतके केवळ मूडबिद्रीला होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या प्रयत्नांनी त्यांच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले, आणि ते अनेक वर्षे चालले. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेल्या धवलेचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. पुढे एकूण १६ भाग झाले. महाबंधाच्या ताडपत्रांतील काही भाग तोवर नष्ट झाला होता. तो परत मिळणे नाही. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्यात आले आणि फलटणला ते जतन झाले, त्यामागे हीच चिंता होती. ताडपत्र, कागद, छापील पुस्तक, तांबे. आणि ठिकाणे मूडबिद्री, अमरावती, फलटण. संगणकाची भाषा बोलणारे ज्याला विकेंद्रित साठवण म्हणतात, ती दोन शेठजींनी आणि एका आचार्यांनी वेगळ्या साधनांनी साधली होती.

यंत्रातला ध्रुवफंड

स्पर्धेत एवढी धडपड कशासाठी होती, हे आता सांगता येते. फाइलकॉइनवर जागा भाड्याने मिळत होती, परंतु भाडेकरूला आपल्या अटी लिहिता येत नव्हत्या. एका सौद्याची मुदत कमीत कमी १८० दिवस आणि त्या काळी जास्तीत जास्त ५४० दिवस. मुदत संपली की कोणीतरी आठवणीने नवा सौदा करायचा. विसर पडला की कोठीदार मोकळा. रोजची हजेरी घेणाऱ्या यंत्रालाही शेवटी माणसाच्या आठवणीवर विसंबावे लागत होते. १४ मार्च २०२३ रोजी फाइलकॉइनच्या मुख्य जाळ्यावर स्वयंचलित करार लिहिण्याची सोय झाली. 'हॅक एफईव्हीएम' आणि 'स्पेस वॉर्प' या स्पर्धा त्या दिवसाची तालीम होत्या. 'वॉलबी' व 'हायपरस्पेस' या सराव-जाळ्यांवर, खोट्या नाण्यांनी, तरुणांनी खऱ्या कराराची रंगीत तालीम केली. करार लिहायची भाषा इथेरियमवर रूढ असलेली सॉलिडिटीच ठेवल्यामुळे आधी शिकलेल्यांना नवे काही घोकावे लागले नाही.

तेथे मांडल्या गेलेल्या कल्पनांपैकी समाजाला सर्वांत जवळची वाटावी अशी कल्पना म्हणजे अखंड साठवण. करारात एक रक्कम ठेवायची. सौद्याची मुदत संपत आली की करारानेच त्यातून भाडे देऊन नवा सौदा करायचा. एखादा कोठीदार नाहीसा झाला, तर दुसरीकडे नवी प्रत करून घ्यायची. महाराष्ट्रातील कोणत्याही तीर्थक्षेत्राच्या किंवा बोर्डिंगच्या अहवालात ध्रुवफंडाचे पान असते. मूळ रक्कम न मोडता व्याजातून नित्य खर्च चालावा, देणगीदार गेला तरी दिवा तेवत राहावा, हा त्यामागचा विचार. अखंड साठवणीचा करार हा यंत्राला शिकवलेला ध्रुवफंड आहे.

दुसरी कल्पना इनामाची. अमुक ठशाची वस्तू जो कोणी सांभाळून दाखवील त्याला इतके नाणे, असे करारात लिहून ठेवायचे. कोणाला विनंती नाही, कोणाची ओळख नाही. कोठीदाराने पुरावा दाखवला की पैसे त्याच्या खात्यात. तिसरी कल्पना सामाईक मालकीची : अनेकांनी निधी जमवून काय जतन करायचे हे मताने ठरवायचे. एखाद्या ग्रंथभांडाराच्या छायाप्रतींसाठी गावोगावच्या पंचांनी असा सामाईक करार करणे आज अशक्य नाही.

चौथी कल्पना व्यापाऱ्याचे कान टवकारणारी होती. कोठीदाराला तारण म्हणून नाणे अडकवावे लागते, आणि ते प्रत्येकाकडे नसते. ज्यांच्याकडे नाणे पडून आहे त्यांना कोठ्या चालवता येत नाहीत. मग दोघांच्या मध्ये सावकारी आलीच. कोठीदाराच्या पुढील कमाईवर कर्ज, त्याचे व्याज, बुडाल्यास तारणाची वसुली, हे सारे करारात लिहिलेले. या विषयावरील कामांपैकी काही पुढे खऱ्या धंद्यापर्यंत गेली. सावकारीत यंत्र आणले म्हणून बुडीत कर्ज टळत नाही. फक्त बुडाल्याचे त्याच दिवशी कळते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उधारी सांभाळली आहे, त्यांना हाही लाभ लहान वाटणार नाही.

जिथे करार आंधळा असतो

फंडाचे गणित आधी पाहावे लागते. फाइलकॉइनचे नाणे एप्रिल २०२१ मध्ये २०० डॉलरच्या वर गेले होते. २०२२ संपताना ते ५ डॉलरच्याही खाली होते. भाडे देण्यासाठी म्हणून ज्याने उंच भावात नाणी घेऊन ठेवली, त्याच्या ध्रुवफंडातील ध्रुव हा शब्द दीड वर्षात गळून पडला. शिवाय तेथील भाडे बरेचदा जवळजवळ फुकट दिसते. कारण कोठीदाराची खरी मिळकत भाड्यातून नसून जाळ्याने नव्याने पाडलेल्या नाण्यांतून होते, आणि ही नवी नाणी काळाबरोबर कमी होत जाणार असे मूळ रचनेतच ठरलेले आहे. प्रास्ताविक सवलतीचा भाव कायमचा समजून जो हिशेब मांडतो, तो व्यापारी नव्हे.

दुसरी अडचण करार कठोर असण्याची. लिहिलेले जसेच्या तसे पाळले जाते. चुकीचे लिहिले तर चूकही पाळली जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी या कंपनीच्या इथेरियम-तिजोऱ्या ज्या एका सामाईक मजकुरावर चालत होत्या, त्याची मालकी कोणीही घेऊ शकेल अशी फट राहून गेली होती. एका वापरकर्त्याने ती घेतली आणि तो मजकूरच नष्ट केला. पाच लाखांहून अधिक इथर त्या क्षणी गोठले. मालकांना ते दिसतात, हलवता येत नाहीत. कागदी दस्तात चूक झाली तर चूकदुरुस्तीपत्र करता येते, पंचांसमोर बसता येते, समोरचा भला असेल तर तो म्हणतो, 'शब्द चुकला, भाव कळला.' कराराच्या यंत्राला भाव कळत नाही. तीन आठवड्यांत लिहिलेल्या करारात, परक्या तज्ज्ञाने तपासल्यावाचून, घरची ठेव ठेवू नये हे त्यामुळे वेगळे सांगायला नको.

गोपनीयतेचे तसेच. या जाळ्यावर ठेवलेली वस्तू ठसा माहीत असलेल्या कोणालाही मागवता येते. कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक, न करता ग्राहकांची यादी, आधार क्रमांक वा आजारपणाचे कागद तेथे ठेवणे म्हणजे चव्हाट्यावर वही उघडणे. आणि एकदा चार देशांत प्रती गेल्या की परत बोलावता येत नाहीत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. जे पुसता येत नाही असे म्हणूनच विकले जाते, त्याचा या हक्काशी मेळ बसवणे सोपे नाही.

बक्षीस नाण्यात मिळाले तर करही लक्षात हवा. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के दराने कर आहे, एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का कर उगमाशीच कापण्याची तरतूद आहे. मुलांच्या बक्षिसाची नोंद घरच्या सनदी लेखापालाकडे पहिल्याच दिवशी द्यावी.

या साऱ्यांहून मोठी अडचण मात्र पहिल्याच नोंदीची आहे. वखारीत ५० पोती हळद असताना ६० पोत्यांची पावती लिहिली, आणि ती पावती या जाळ्यावर ठेवली, तर जाळे काय करील? त्या खोट्या पावतीचा अचूक ठसा घेईल. ती पाच ठिकाणी मोहोरबंद करील. दर २४ तासांनी, एकही दिवस न चुकवता, ती शाबूत असल्याचा पुरावा देईल, आणि त्याचे भाडेही वेळेवर चुकते करील. लेख नंतर बदलला गेला नाही एवढेच ठसा सांगतो. लिहिताना तो खरा होता की नाही, हे पाहायला करारापाशी डोळे नाहीत. तराजू, मोजमाप किंवा पंच यांच्याकडून आलेली माहिती करारात कशी भरावी यावर तज्ज्ञ बरीच वर्षे काम करत आहेत, पण त्या टोकाला शेवटी एखादा माणूसच उभा असतो. कूटलेखक्रिया हा अतिचार लिहिणाऱ्याच्या नावावर नोंदला गेला आहे, लेखणीच्या नव्हे. आणि बदलता न येणाऱ्या वहीत खोटी नोंद करणाऱ्याला तर पश्चात्तापाने खाडाखोड करण्याचीही सोय राहत नाही; ती नोंद चुकीची होती अशी दुसरी नोंद, तितक्याच उघडपणे, खाली लिहावी लागते.

विश्वस्त मंडळांपैकी कोणी आपल्या ग्रंथांच्या छायाप्रती अशा रीतीने ठेवण्याचा विचार करत असतील, तर त्यांनी तरुणांना विचारायचा पहिला प्रश्न नाण्याच्या भावाचा नसावा, किल्लीचा असावा. कुलूपबंद माहितीची किल्ली हरवली तर जगातील कोणताही कोठीदार ती उघडून देऊ शकत नाही. मंदिराच्या भांडाराला दोन-तीन कुलपे आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या विश्वस्ताकडे, ही जुनी व्यवस्था करारातही बसवता येते. पाचांपैकी कोणत्याही तिघांच्या सह्या झाल्यावाचून निधी हलणार नाही, असे लिहिता येते. पण पाचांपैकी एक वारला, दुसरा परदेशी गेला, तिसऱ्याचा फोन हरवला, तर पुढे काय, हेही त्याच दिवशी लिहून ठेवावे लागते, आणि तीन आठवड्यांच्या स्पर्धेत विश्वस्ताच्या मृत्यूची तरतूद करायला सहसा कोणाला सवड होत नाही. 'सेफ' या नावाच्या, अनेक वर्षे वापरात असलेल्या आणि वारंवार तपासल्या गेलेल्या तयार तिजोरी-करारात ठरलेल्या संख्येइतक्या सह्या उरल्या असतील तर त्या सह्यांनी जुना सहीदार काढून नवा नेमता येतो. अनुभवी गट म्हणूनच तिजोरी स्वतः लिहीत नाहीत. ती तयार घेतात, आणि आपले तीन आठवडे उरलेल्या कामासाठी राखून ठेवतात.